गाण्यानं भाषा वाचते का?

प्रश्न : माझी मुलगी ऑकलंडला असते. नऊ वर्षांचा नातू शाळेच्या ‘कपा हाका’, म्हणजे माओरी नाच-गाण्याच्या पथकात आहे. (माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी आणि त्यांची भाषा.) व्हिडिओ कॉलवर माओरी गाणी हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवतो, मराठीची गाडी मात्र ‘हो आजी’च्या पुढे सरकत नाही. मुलगी म्हणते, तिकडच्या गायकांनी मरायला टेकलेली माओरी भाषा वाचवली. गाण्यांनी खरंच भाषा वाचते का? तसं असेल तर मी त्याला बडबडगीतं पाठवायला तयार आहे. – एक आजी, ठाणे

उत्तर : ताई, बडबडगीतं मुळीच पाठवू नका. नऊ वर्षांच्या मुलाला चांदोबा-चिऊताई पाठवलीत तर उरलासुरला ‘हो आजी’सुद्धा जाईल.

आता मुलीच्या म्हणण्याकडे वळते. ती चुकत नाही, पण अर्धीच गोष्ट सांगते आहे. उरलेली अर्धी मला जास्त आवडते, कारण ती न्गोई पेफाइरंगी या गीतकार बाईंची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एके काळी न्यूझीलंडच्या शाळांत माओरी बोललं तर मुलांना मार बसायचा. ती मुलं मोठी झाली आणि आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलू लागली. आपल्यावर आलं ते पोरांवर नको, एवढाच त्यांचा हिशोब. एका पिढीत घराघरांतून भाषा निघून गेली. 1972 मध्ये, भाषा शाळांत शिकवा अशी मागणी करणारा, तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज तरुण मंडळींनी संसदेत नेऊन दिला.

डॅल्व्हेनियस प्राइम याच काळातला. ‘सोल’ हे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत गाणारा, ऑस्ट्रेलियात नाव कमावलेला, पण माओरी धड न येणारा माणूस. तो आपल्या पाटेआ या छोट्या गावी परतला. 1982 मध्ये तिथला मांस गोठवण्याचा कारखाना बंद पडला आणि गावाची रोजीरोटीच गेली. प्राइम टोकोमारू बे इथे न्गोईबाईंकडे गेला. बाईंनी शब्द लिहिले, त्यानं चाल बांधली. दोरीला बांधलेला चेंडू फिरवत माओरी बायका नाच करतात, त्या चेंडूला ‘पोई’ म्हणतात. गाण्याचं नाव ‘पोई ए’. खाली ठोका अगदी त्या वेळच्या डिस्कोसारखा, वर पाटेआ माओरी क्लबचा समूहस्वर. रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा प्राइमनं स्वतःची कंपनी काढली. 1984 मध्ये हे गाणं देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, तेही चार आठवडे.

तरुण पोरांना आपल्या भाषेचा अभिमान वाटावा, तोही त्यांना आवडणाऱ्या तालावर, हा बाईंचा हेतू होता. माझ्या मते गाण्याचं खरं काम इथेच झालं. जी भाषा चारचौघांत बोलायला लोक कचरत होते, तीच रेडिओवर, लग्नात, रस्त्यावर नाचायची भाषा झाली. गाणं लाज घालवतं. वाक्य बनवायला शिकवत नाही, आणि ‘पोई ए’ तोंडपाठ असलेल्या सगळ्यांना त्याचा अर्थ विचारायला जाऊ नका!

बाईंना हे पक्कं माहीत असणार, कारण त्या मुळात शिक्षिका होत्या. काटेरिना माताइरा यांच्याबरोबर त्यांनी ‘ते आटारांगी’ ही शिकवण्याची पद्धत उभी केली. त्यात मोठी माणसं गोल बसतात आणि मध्ये रंगीत लाकडी कांड्या ठेवलेल्या असतात. शिक्षिका लाल कांडी उचलते, माओरीत काहीतरी म्हणते, समोरच्याला देते. तो ऐकतो, चाचपडतो, बोलतो. वर्गात इंग्रजी चालत नाही. म्हणजे गाणं लिहिणारा आणि कांड्या घेऊन बसणारा हात एकच. 1982 पासून ‘कोहांगा रेओ’ बालवाड्याही सुरू झाल्या, तिथे वडीलधारी माणसं चिमुरड्यांशी दिवसभर माओरीतच बोलायची. 1987 मध्ये माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला. हे सगळं पाठीशी नसतं, तर गाणं नुसतं स्नेहसंमेलनाचा आयटम होऊन राहिलं असतं.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. 1999 च्या रग्बी विश्वचषकात, लंडनच्या ट्विकनम मैदानावर हिनेवेही मोही या गायिकेनं राष्ट्रगीत फक्त माओरीत म्हटलं. मायदेशी केवढा गहजब! आज तिथे आधी माओरी, मग इंग्रजी कडवं म्हणण्याचा रिवाज आहे. याच बाईंनी 2019 मध्ये लोकप्रिय गायकांकडून त्यांचीच गाजलेली इंग्रजी गाणी माओरीत गाऊन घेतली. त्या संग्रहासाठी टीमोटी कारेटू यांच्यासारखे मुरलेले भाषापंडित कामाला लागले, नुसता शब्दाला शब्द लावला नाही. तोही विक्रीच्या यादीत पहिला आला. शिवाय ‘एलियन वेपनरी’ नावाचा मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉक संगीताचा बँड आहे. मूळ त्रिकुटातले दोघे भाऊ लहानपणी माओरी माध्यमात शिकलेले. 1863 च्या कायद्यानं माओरींच्या हिरावलेल्या जमिनींबद्दल ते माओरीत आरडाओरडा करतात. माझ्या पेटीशी जुळणारं संगीत नाही, पण शब्द पोटातून येतात.

2018 च्या जनगणनेत माओरी बोलता येतं असं सांगणारे सुमारे 1,86,000 होते, 2023 मध्ये 2,13,000 च्या वर गेले. धोका टळला म्हणण्याइतका हा आकडा मोठा नाही, पण वाढतोय.

आता नातवाचं. त्याला मराठीची लाज नाही, त्याला मराठीत सांगण्यासारखं काही हातात नाही. तेव्हा तुम्ही शिष्य व्हा. ‘मला तुझं माओरी गाणं शिकव’ म्हणा. एकेक ओळ त्याच्याकडून घ्या, मुद्दाम उच्चार चुकवा, आणि प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत विचारा. अडला की एक शब्द पुरवा, अख्खं वाक्य नको. हातवारे करतानाच विचारा, तेव्हा मुलं लाजत नाहीत. मुलीला सांगा, मध्ये इंग्रजीत भाषांतर करून मदत करायची नाही. आणि वेळ सांभाळा : त्यांच्या हिवाळ्यात तिकडे तीनला शाळा सुटते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ असतात, उन्हाळ्यात साडेसात. तुम्ही दुपारी जेवणं आटोपून फोन करत असाल, तर पोरगं झोपेला आलेलं असतं. त्या वेळी माझ्याशीसुद्धा कुणी ‘हो’च्या पुढे बोलत नाही.