‘तुम्ही रागावा’, ‘मंदक्रोध’ आणि ‘दमानं घे’

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘प्रार्थनासभेत बायबलातल्या इफिसकरांस पत्रातलं “तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका” हे वचन घेऊन एकाने सांगितलं, की मुलांना-सुनांना रागवायला शास्त्राची ना नाही. “रागावा”चा असा अर्थ होतो का? आणि राग गिळणे व राग आवरणे यांत फरक काय?’

होत नाही. हा अर्थ सर्रास सांगितला जातो, आणि तो शास्त्रावरही अन्याय आहे, मराठीवरही. ‘रागावणे’चे आपल्याकडे दोन उपयोग आहेत आणि ते शेजारच्या शब्दावरून ओळखू येतात. ‘सासू सुनेवर रागावली’ म्हणजे सासूला राग आला. ती दिवसभर गप्पही बसलेली असेल. ‘सासू सुनेला रागावली’ म्हणजे तोंड सुटलं. ‘वर’ मनाचं सांगतो, ‘ला’ तोंडाचं. वचनात ‘वर’ही नाही आणि ‘ला’ही नाही. मूळ ग्रीक क्रियापद ‘ऑर्गिझेस्थे’ हे राग येण्याचं आहे, कुणाला झापण्याचं नाही. शिवाय त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात पत्र लिहिणारा पौल बापांना बजावतो, की मुलांना चिरडीस आणू नका, आणि धन्यांना सांगतो, की धमकावणं सोडा. वचन सांगणाऱ्याने दोन पानं पुढे जायला हवं होतं.

मागेही जायला हवं होतं. पौल हे शब्द जुन्या करारातल्या चौथ्या स्तोत्रातून घेतो. तिथलं हिब्रू क्रियापद ‘रागझ’ म्हणजे थरथरणे, हादरणे. (आपल्या ‘राग’शी त्याचा काही संबंध नाही. आपला राग ‘रञ्ज्’ धातूचा, रंगण्याचा. कानाला सारखं लागलं म्हणून नाती जोडत बसू नये.) आणि त्या ओळीचा शेवट काय आहे? अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी बोला आणि गप्प राहा. ज्या ओळीचा शेवट गप्प राहण्यात आहे, ती ओरडण्याची परवानगी म्हणून वापरली जाते!

काही भाष्यकार या ‘रागावा’ला खरीखुरी आज्ञा मानतात : अन्याय दिसला की रागावलंच पाहिजे. मला हे पटत नाही. पाचच वचनांनी खाली तोच लेखक संताप, क्रोध, आरडाओरडा सगळा काढून टाका म्हणतो. ‘राग आला तरी पाप करू नका’ एवढाच त्याचा रोख आहे. सोलापूरकराला तर हे समजायला काहीच अडचण नसावी. मराठीत ‘मला राग आला’, कानडीत ‘ननगे सिट्टु बंतु’, तेलुगूत ‘नाकु कोपं वच्चिंदि’ : गावातल्या तिन्ही भाषांत राग माणूस करत नाही, तो माणसाकडे येतो. येण्याचा दोष नाही. आल्यावर काय केलं ते आपलं.

आता ज्या शब्दासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं, त्याकडे येतो : मंदक्रोध. मराठी शास्त्रात देवाचं हे विशेषण वारंवार येतं. भाषांतर चुकीचं नाही, पण कमनशिबी आहे. ‘मंद’ ऐकलं की मंद आच, मंद दिवा आठवतो. म्हणजे राग आहे, पण फिका. मूळ हिब्रू शब्द आहेत ‘एरेख अप्पायिम’, शब्दशः ‘नाकपुड्यांनी लांब’. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच राग. राग आला हे सांगायचं तर ‘नाक पेटलं’ म्हणतात. आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच बसतो, तेव्हा मराठी माणसाला यात परकं काही नाही. मग लांब काय? लांब आहे तो नाकातून जाणारा श्वास. याचा पुरावा जुन्या करारातल्याच नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात आहे. एकोणतिसाव्या वचनात या ‘लांब नाकपुड्यां’च्या समोर उभा केलाय ‘कत्सर रूआह’, म्हणजे आखूड श्वासाचा माणूस.

आखूड श्वासाचा माणूस म्हणजे मराठीत कोण? ज्याला दम निघत नाही तो! आणि लांब श्वासाचा म्हणजे जो दमानं घेतो तो. ‘अरे, जरा दमानं घे’ हे सोलापुरात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य ‘एरेख अप्पायिम’चं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं मराठी भाषांतर आहे. हा ‘दम’ फारसीतला, अर्थ श्वास. संस्कृतातही एक ‘दम’ आहे, शम-दमातला, अर्थ इंद्रियनिग्रह. दोघांचे धातू वेगळे. पण माझं ठाम मत आहे, की ‘दम धरणे’ या मराठी प्रयोगात दोघे एकजीव झालेत : श्वास आणि संयम एकाच शब्दात. पंडितांनी दोन दम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत. बोलणाऱ्या मराठीने ते मिसळलेत. (‘दम देणे’ मात्र याच्या नेमकं उलट. पौल धन्यांना सोडायला सांगतो ते तेच.)

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. दमानं घ्यायचं म्हणजे श्वास कोंडायचा नाही. ही चूक फार जण करतात आणि मग आणखी लालबुंद होतात. भराभर खोल श्वास घेणंही चूक, त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. चार आकडे मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेरचा लांब हवा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. असे दहा-बारा श्वास म्हणजे दोन मिनिटं. तोवर बायबलातल्या याकोबाच्या पत्रातलं सांगणं पाळता येतं : ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश.

पण दमानं घेणं म्हणजे लांबणीवर टाकणं नव्हे, म्हणून ‘तुम्ही रागावा’च्याच वचनात पुढे, रागावर सूर्य मावळू देऊ नका, अशी मुदत आहे. ही मुदत मजुरीची आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत चुकता करा अशी आज्ञा आहे आणि तिच्या जुन्या ग्रीक भाषांतरात मावळण्याचं जे क्रियापद आहे, तेच पौलाने रागासाठी घेतलंय. रोजंदारीवर चालणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको : राग हे त्या दिवसाचं देणं आहे. सगळा तंटा संध्याकाळपर्यंत मिटतोच असं नाही. पण ‘अमुक बोललास त्याचा मला राग आला’ एवढं एक वाक्य त्याच माणसाला, एकट्याला गाठून सांगता येतं. ‘तू नेहमीच असा’ असं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय : आधी दोघंच, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपल्याकडे तो उलटा चालतो. आधी सभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून नाव निघतं आणि ज्याचं नाव निघालं त्याला चार दिवसांनी कळतं. आणि घरात मार खाणाऱ्या बाईला ‘सूर्य मावळायच्या आत मिटव’ म्हणून परत धाडणं हा या वचनाचा सर्वांत वाईट वापर आहे. मुदत रागाला आहे, मारणाऱ्याच्या माफीला नाही.

राहिलं गिळणं आणि आवरणं. पसारा आवरला की वस्तू नाहीशा होत नाहीत, जागेवर लागतात. हव्या तेव्हा हाताशी येतात, संध्याकाळी काढून दाखवता येतात. गिळलेलं काढून दाखवता येत नाही. ते आत धुमसत राहतं. हे ‘धुमसणे’ ‘धूम’चं, आणि पौल ज्याला काढून टाका म्हणतो तो ग्रीक ‘थुमॉस’, संताप, संस्कृत ‘धूम’चा सख्खा भाऊ आहे.