सोलापुरात राहून कीटो जमतं का? भाकरी, शेंगाचटणी आणि इथला उन्हाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 36, वजन 94 किलो, बदली होऊन सोलापुरात आलात, अंडी चालतात पण मटण-चिकन नाही. ज्वारी मिलेट आहे म्हणून कीटोत, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद आणि चरबी जास्त अशा आहारात, चालेल का, शेंगाचटणी किती खावी, आणि शुगर असलेल्या वडिलांनाही सोबत घ्यावं का?

ज्वारी चालत नाही. हे आधीच सांगते, कारण इथे नव्याने कीटो करणारा प्रत्येक जण त्याच आशेवर असतो. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून मिलेट म्हटलं की वजन उतरणारच, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी चवीला कितीही सरस असली, तिला भौगोलिक मानांकन असलं, तरी शंभर ग्रॅम पिठात 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं असतातच. गव्हाचंही जवळपास तेवढंच. मध्यम भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीत 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं गेली. कीटोत अख्ख्या दिवसाची मर्यादा 20 ते 50 ग्रॅम. एक भाकरी खाल्ली की दिवस संपला. आणि कडक भाकरी पातळ, कुरकुरीत, म्हणून हलकी असते हाही गैरसमज आहे. तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, पीठ कुठेच जात नाही. वजनावर मोजलं तर कडक भाकरीच जड पडते.

आता मी हे कुठल्या अधिकाराने सांगते? मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. थायरॉइड नॉर्मल, शुगर काठावर आणि गुडघे दुखायला लागलेले, अशा अवस्थेत मी एका पावसाळ्यात कीटो सुरू केलं आणि पुढचा उन्हाळा तापायला लागल्यावर सोडलं. दहा-बारा किलो उतरले, त्यातले थोडे परत आले, बरेच टिकले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलं आणि त्या काळात वाचनही बरंच केलं.

मुळात हा आहार वजनासाठी निघालाच नव्हता. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला आणि कीटोजेनिक हे नावही त्यांचंच. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या लहान मुलांना आजही तो दिला जातो, तोही ग्रॅमवर मोजून. वजन कमी करण्याची लाट फार नंतरची.

आत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे काट्यावरचे आकडे बघून हुरळून जाणार नाही. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत चारशेच्या आसपास. यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. कर्बोदकं बंद केली की हा साठा उपसला जातो आणि त्याच्यासोबत पाणीही निघून जातं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेल्याचे फोटो लोक टाकतात ना, त्यात बहुतेक पाणीच असतं. त्यानंतर यकृत चरबीपासून कीटोन बनवायला लागतं आणि मेंदूसुद्धा त्यावर बराचसा चालतो. या अवस्थेलाच कीटोसिस म्हणतात. तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, तो त्यातल्या ॲसिटोनचा. घरच्यांना आधी जाणवतो. मला आमच्या सासूबाईंनी सांगितला, त्यांच्या पद्धतीने.

पण चरबी जळते म्हणजे आपोआप वजन उतरतं, हे गणित तितकंसं सरळ नाही. ताटात तूप, पनीर, शेंगदाणे आले की आधी तीच चरबी जळणार. अंगावरची उतरायची तर एकूण पोटात कमीच जायला हवं. कीटोत ते बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, कारण भूक खरोखर मंदावते आणि साखरेचा चहा, बिस्किट, चिवडा, भजी, संध्याकाळचा वडापाव हे सगळं एका फटक्यात बंद होतं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर निम्मं श्रेय या बंद झालेल्या यादीचं आहे. 2018 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक मोठा अभ्यास आला होता. 609 माणसं, पूर्ण 12 महिने. अर्ध्यांना कमी चरबीचा, अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा आहार. दुसऱ्या गटाने सुरुवातीचे आठ आठवडे कर्बोदकं 20 ग्रॅमपर्यंत खाली आणायची आणि मग झेपेल तेवढी वाढवायची असं होतं. वर्षअखेर पहिल्या गटाचं सरासरी वजन 5.3 किलोने उतरलं, दुसऱ्याचं 6.0 किलोने. म्हणजे धरायचा फरक नाहीच. पण दोन्ही गटांत कुणाचे तीसेक किलो गेले, तर कुणाचे दहाएक किलो वाढलेसुद्धा. त्यामुळे शेजाऱ्याला कीटो लागू पडलं यावरून तुमचं काही ठरत नाही.

आता शेंगाचटणी. कीटोच्या हिशोबात ती बसते, हे सोलापूरकरांचं नशीब. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यात कर्बोदकं पाचेक ग्रॅम, त्यातले दोन-अडीच ग्रॅम तंतू, प्रथिनं सात-आठ ग्रॅम आणि चरबी भरपूर. उखळात कुटून तेल सुटलेली घरची चटणी असेल तर लसूण, तिखट, जिरं, मीठ याखेरीज त्यात काही नसतं. विकतची आणत असाल तर पाकिटावर साखर लिहिलीय का बघा. अडचण वेगळीच आहे: त्याच मूठभर दाण्यांत 170 कॅलरी असतात. भाकरीबरोबर चटणी तोंडी लावायला असते. भाकरी गेली की माणूस चमच्याने चटणी खायला लागतो, वर दही, वर कच्चं तेल. दोन वाट्या अशा गेल्या की कीटोसिस शाबूत आणि वजन जागच्या जागी. मी लोखंडी खलबत्त्यातून रोज सकाळी एक छोटी वाटी भरून बाजूला काढत असे आणि बरणी फळीवर वरती ठेवून देत असे. दिवसभराची तेवढीच.

तुम्ही मटण-चिकन खात नाही, आणि खरी पंचाईत भाकरीपेक्षा इथे आहे. आपल्या शाकाहारी ताटातलं प्रथिन डाळी-कडधान्यांतून येतं, आणि डाळीत निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात. घट्ट आमटीची एक वाटी म्हणजे पंधराएक ग्रॅम. मटकीची उसळ, हुलग्याची शेंगोळी, पिठलं, धपाटे, सगळं बाद. राहतं काय? अंडी, पनीर, सोयाचं टोफू, घट्ट दही थोडं, शेंगदाणे, तीळ, जवस. अंडी चालतात हे बरंच झालं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं नावाला. रोज तीन-चार अंडी आणि दीडशे ग्रॅम पनीर धरलं तरच प्रथिनांचा हिशोब कसाबसा जुळतो. तो जुळला नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि वजन उतरूनही माणूस ओढलेला दिसतो.

भाज्यांची मात्र इथे चंगळ आहे. करडईची कोवळी भाजी, अंबाडी, चुका, चाकवत, शेपू, मेथी, हिवाळाभर मंडईत ढीग लागलेले असतात. भरली वांगी दाण्याचं कूट, तीळ, खोबरं आणि काळं तिखट घालून करा, फक्त गूळ टाकू नका. दोडका, दुधी, कोबी, फ्लॉवर, भेंडी चालतात. बटाटा, रताळं, बीट नाही. डाळिंब इथे दारोदार मिळतं म्हणून तेही विसरा, एका मोठ्या फळात दिवसभराची कर्बोदकं संपतात.

चहाचं एक सांगते. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, वर दूध. ऑफिसात चार कप झाले की तुमची मर्यादा तिथेच ओलांडली गेली, जेवायच्या आधीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. कीटोत इन्सुलिनची पातळी खाली येते आणि मग मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नाहीत. मीठ जातं, त्यामागे पाणी जातं. डोकं दुखणं, पायात गोळे, उठल्यावर अंधारी येणं, हा जो कीटो फ्लू म्हणतात तो बराचसा याचाच. पावसाळ्यात हे निभावतं. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 42-43 च्या वर जातो, घामातून मीठ वेगळं जातं, आणि तुम्ही दुपारी दुचाकीवर फिरतीला असाल तर? मूतखड्याचा धोका कीटोत वाढतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तो तसाही असतोच. म्हणून माझं स्पष्ट मत: सोलापुरात कीटो करायचंच असेल तर जून-जुलैत सुरू करा, मार्चच्या आत आटोपा. रोज मीठ घातलेलं पातळ ताक, लिंबू-मीठ पाणी ठेवा. बीपीमुळे मीठ कमी सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि जुलाब लागले किंवा ऊन लागलं तर ओआरएस घेताना कीटोचा विचार करू नका. लिटरभर पाण्याच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ते असायलाच हवं, त्याशिवाय आतड्यांतून मीठ नीट शोषलं जात नाही.

हिवाळ्यातली अडचण वेगळी. डिसेंबरपासून हुरडा, मग भोगीची बाजरीची भाकरी, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा, गड्ड्यावरची, म्हणजे त्या यात्रेच्या जत्रेतली भटकंती, घरोघरी शेंगापोळ्या. नवीन माणसाला तर लोक हाताला धरून हुरड्याला नेतात. जा, खा. एका दिवसाने कीटोसिस मोडतो, दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलो वर दाखवतो, पण ते परत भरलेलं ग्लायकोजेन आणि पाणी असतं. एका शेंगापोळीने दीड किलो चरबी चढत नाही. लोक इथे घाबरून सगळंच सोडतात. दोन-तीन दिवस परत नेटाने धरलं की काटा जागेवर येतो.

सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या रक्ततपासण्या करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा. ट्रायग्लिसराइड बहुधा उतरतात, पण काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढतं, आणि ते आतून जाणवत नाही. तूप-खोबरेल कमी करून शेंगदाणा किंवा करडईचं घाण्याचं तेल वापरलं तर थोडा फरक पडतो. महागडं कीटो पीठ घेऊ नका. बदाम, सोया, ग्लुटेन, इसबगोल यांचं मिश्रण असतं, भाकरीची आठवण येते आणि खिसा हलका होतो.

इतके महिने हे जमणार नाही असं आताच वाटत असेल तर मी आता करते ते करून बघा: दुपारी एकच भाकरी, रात्री भाकरी-भात नाही, साखर बंद, ताटात निम्मी भाजी, आणि आमटी-उसळ भरपूर. हे कीटो नव्हे. वजन सावकाश उतरतं, पण प्रथिनांची ओढाताण होत नाही आणि मे महिना निघतो.

वडिलांना मात्र तुमच्या मनाने सोबत घेऊ नका. ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील आणि अचानक कर्बोदकं बंद झाली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल तर कीटोत रक्तात आम्ल साचून जीवावर बेतू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली न दिसता. बीपीच्या गोळीची मात्राही काही दिवसांत जास्त होऊ शकते. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल तर विषयच नको. त्यांच्या डॉक्टरांना विचारायला जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. तोंडी नावं सांगताना यातली एक हमखास राहते.