धावल्यानंतरचा खोकला

"पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही म्हणतात, मॅडम. त्यापेक्षा हिचं धावणंच बंद केलं तर?" पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न दम्याच्या रुग्णांचे समुपदेशन करताना मला वरचेवर ऐकावा लागतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

८०० मीटर धावताना मुलीला फारसा त्रास होत नसे. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी मात्र छाती आवळून येई आणि खोकल्याची उबळ सुरू होई. "दम वाढव," असे म्हणून प्रशिक्षकांनी फेऱ्या वाढवल्या होत्या. दम आणि दमा यांत अंतर एका कान्याचेच, पण उपाय अगदी वेगळे. वेगाने धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, थंड कोरडी हवा श्वासनलिकांमधला ओलावा शोषून घेते आणि दमा असलेल्यांच्या नलिका त्यामुळे आकसतात; हिवाळ्यातल्या पहाटे, त्यात मैदानाकडेला शेकोटीचा धूर असताना, हे होणारच.

डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. नलिकांची सूज कमी ठेवणारा रोजचा पंप तिने बरे वाटताच सोडून दिला होता. धावण्याआधी पंधरा मिनिटे घ्यायचा पंप कसा घेतेस, असे विचारल्यावर तिने आधी कळ दाबली, मग श्वास ओढला, आणि निम्मा फवारा ओठांबाहेरच विरला. मग स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून श्वास पूर्ण सोडणे, कळ दाबून सावकाश आत ओढणे आणि दहा आकडे रोखणे, हे आम्ही सरावाच्या पंपावर पाच वेळा गिरवले.

धावण्याआधीच्या पंपातले नलिका मोकळ्या करणारे औषध म्हणजे साल्ब्युटामॉल. त्याची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतके औषध असते, हे मी आईला कागदावर मांडून दाखवले. पंपाचे व्यसन लागत नाही; गोळी चालते पण पंप नको, हा हिशेब मला आजवर उमगलेला नाही.

धावणे बंद करायचे नव्हतेच. आधी दहा-पंधरा मिनिटे अंग तापवायचे, मध्ये थांबत छोट्या धावा घ्यायच्या, थंडीत नाकातोंडावर रुमाल बांधायचा, असे ठरले. छाती आवळली तर तिथेच थांबून साल्ब्युटामॉलचा फवारा घ्यायचा, आणि तरीही आराम पडला नाही किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर थेट रुग्णालय गाठायचे, हे दोघींकडून वदवून घेतले.

सहा आठवड्यांनी त्या आल्या, तेव्हा रोजच्या पंपाच्या नोंदी वहीत आईच्या अक्षरात होत्या आणि धावल्यानंतरचा खोकला बराच उणावला होता. दोन रकाने कोरे का, असे मी विचारले.

"लग्नाला गेलो होतो," आई म्हणाल्या. "पंप नेला होता, पण पाहुण्यांसमोर काढला नाही."

त्या दिवशीचा उरलेला अर्धा तास आम्ही पाहुण्यांविषयीच बोललो.