मूलपेशी कोणतीही पेशी बनू शकते, तर ती हृदयात टोचल्यावर हृदय दुरुस्त का होत नाही?

रक्ताच्या कर्करोगात स्टेम सेल (म्हणजे मूलपेशी) चालतात, मग हृदयविकाराच्या झटक्यानंतर का चालत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. आधी प्रश्नातला ‘कोणतीही’ हा शब्द तपासू. अस्थिमज्जेतली रक्तमूलपेशी रक्ताच्याच पेशी बनवते: तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट. हृदयात नेऊन सोडली म्हणून ती स्नायू बनत नाही.

यकृताची पेशी घ्या किंवा मेंदूतली, प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० जनुकं दोघींत तीच असतात. कोणती चालू आणि कोणती बंद, एवढाच फरक. चालू-बंद करणारी प्रथिनं वेगळी असतात आणि त्यांची ताकद अफाट असते. मायोडी हे एकच जनुक चालू केलं की फायब्रोब्लास्ट (त्वचेसारख्या ऊतींना आधार देणारे धागे बनवणारी पेशी) स्नायूपेशी बनू लागते, हे १९८७ साली दिसलं. बंद जनुकांवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के बसतात, तिथला डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि पेशी दुभंगली तरी हे शिक्के दोन्ही पेशींत उतरतात. शिक्के पुसून पेशीला पुन्हा कोरं करता येतं. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून ते केलं, २००७ मध्ये माणसाच्या पेशींत. ‘कोणतीही पेशी’ हे वर्णन लागू पडतं ते अशा कोऱ्या केलेल्या किंवा भ्रूणातल्या मूलपेशींना.

मज्जा प्रत्यारोपण यशस्वी होतं, कारण तिथे पेशीला नवीन काहीच शिकायचं नसतं. दात्याला किलोमागे रोज १० मायक्रोग्रॅम जी-सीएसएफ (मज्जेला चालना देणारं औषध) चार-पाच दिवस टोचतात, त्यामुळे मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग यंत्रावर चार ते सहा तास रक्त फिरवून त्या वेगळ्या करतात. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे निदान २० लाख सीडी३४ पेशी (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या मूलपेशी) हव्यात, ४०-५० लाख मिळाल्या तर उत्तम. तोवर इकडे रुग्णाची मज्जा जबर केमोथेरपीने रिकामी केलेली असते. पेशी शिरेतून, रक्त चढवावं तशा चढवतात, शस्त्रक्रिया नसते. मज्जेतून येणाऱ्या रासायनिक खुणेमागे जाऊन त्या आपली जागा स्वतःच गाठतात. (गोठवून ठेवलेल्या पेशी असतील तर डीएमएसओ या गोठवताना घातलेल्या रसायनामुळे रुग्णाच्या श्वासाला दिवसभर लसणासारखा वास येतो. घाबरायचं कारण नसतं.) न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस रक्ताच्या मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या म्हणायचं, त्याला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. एवढे दिवस साधा जंतुसंसर्गही जीवघेणा ठरू शकतो. दुसरा धोका दात्याच्या टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा. या पेशी रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत परकं समजून हल्ला करतात. पण उरलेल्या कर्कपेशीही त्याच मारतात, म्हणून त्यांना सरसकट गाळून टाकणंही परवडत नाही.

आता हृदय. मोठ्या झटक्यात शंभर कोटींच्या घरात स्नायूपेशी मरतात आणि तिथे व्रण उरतो. मज्जेतल्या पेशी त्या जागी सोडण्याच्या अनेक चाचण्या झाल्या. बहुतेक पेशी काही दिवसांत नाहीशा झाल्या, स्नायू बनला नाही. त्यामुळे स्नायू आधी प्रयोगशाळेतल्या बशीत घडवावा लागतो, आणि सगळं कसब वेळापत्रकात आहे. कोऱ्या पेशींचा गच्च थर तयार झाला की शून्याव्या दिवशी (मोजणी इथून सुरू) सीएचआयआर-९९०२१ हे रसायन देऊन विंट हा पेशीला दिशा देणारा संकेत चालू करायचा. २४ तासांनी ते काढायचं. तिसऱ्या दिवशी आयडब्ल्यूपी हे दुसरं रसायन घालून तोच संकेत बंद करायचा. इन्सुलिन सातव्या दिवसापर्यंत अजिबात नाही, कारण आधी घातलं तर हृदयपेशी फारच कमी निघतात. सगळं जमलं तर आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली तो थर फडफडताना दिसतो. थर विरळ असेल किंवा सीएचआयआरची मात्रा त्या पेशीवंशाला (एकाच मूळ नमुन्यापासून वाढवलेल्या पेशींना) मानवणारी नसेल तर काहीच हलत नाही. एका वंशाला ६ मायक्रोमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं माप) पुरतं, दुसऱ्याला १२ लागतं. शेवटी ग्लुकोज काढून लॅक्टेट या दुसऱ्या इंधनावर ठेवलं की हृदयपेशी तगतात, बाकीच्या बहुतेक मरतात.

ही सफाई नीट झाली नाही तर आत राहिलेल्या कोऱ्या पेशींचा टेराटोमा होऊ शकतो: केस, कूर्चा, कधी दातसुद्धा असलेली गाठ. सफाई चोख झाली तरी या पेशी गर्भातल्या पेशींसारख्या कच्च्या असतात आणि स्वतःच्या तालावर धडधडतात. माकडांच्या हृदयात त्या रुजल्या, पण ठोके बिघडले. माझ्या मते आजची खरी अडचण हीच आहे. पेशी बनवणं त्यामानाने सुटलेलं कोडं आहे.

राहता राहिल्या गुडघेदुखी, मधुमेह, स्वमग्नता सगळ्यावर ‘स्टेम सेल इंजेक्शन’ देणाऱ्या जागा. तिथे बहुधा पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी तशाच टोचतात. त्याच पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्यामुळे तीन वृद्ध स्त्रियांची दृष्टी गेल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं होतं. कोणी असं इंजेक्शन सुचवलं तर लेखी विचारा: पेशी कोणत्या प्रकारची, कोणाची, किती, त्यातल्या जिवंत किती टक्के, गाठ होत नाही हे कशावरून तपासलं, आणि नोंदणीकृत चाचणी असेल तर तिचा क्रमांक काय. चाचणी म्हणत असूनही पैसे मागत असतील तर सही करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाला ते कागद दाखवा.