सांगाडे बघून हसू आलं तर?

प्रश्न : लहानपणी ज्या सिनेमानं माझी झोप उडवली होती, तो ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ परवा मोठ्या हौसेनं दहा वर्षांच्या लेकीला दाखवला. शेवटची सांगाड्यांची लढाई सुरू झाली आणि ती खो-खो हसत सुटली. पंचाईत अशी, की मलाही हसू आलं. मग उगाच चुटपुट लागून राहिली. असे सिनेमे आता आठवणीतच ठेवायचे का?
ता. क. : ‘कल्ट’ म्हणजे पडलेला सिनेमाच ना?

उत्तर : हसलात त्यात काही बिघडलं नाही, मीही हसते. पण ती लढाई आवाज बंद करून पुन्हा लावा आणि नायकाकडे न बघता नुसत्या तलवारींकडे बघा. १९६३ चा सिनेमा आहे. नटांचं काम आधीच उरकलं होतं, तेही हवेशी लढून. त्यांची तलवार हवेत जिथे अडली, नेमक्या तिथेच सांगाड्याची तलवार आणायची होती. सांगाडे म्हणजे छोट्या बाहुल्या. ट्रिकदृश्यं करणाऱ्या रे हॅरीहाउसेन यांनी त्या सातही हातानं हलवल्या. कणभर सरकवायचं, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायचं. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. दिवसभर खपून त्यांच्या सरासरी १३ व्हायच्या, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद! असे साडेचार महिने.

मी एकदा मातीची बाहुली घेऊन फोनवर हा उद्योग करून पाहिला. तिनं फक्त मान वळवायची होती. चाळीस फोटो काढले, त्यात मध्येच माझं कोपर टेबलाला लागलं. आता ती बाई मान वळवता वळवता एकदम उचकी लागल्यासारखी उडते. पुन्हा पहिल्यापासून करायचा धीर काही झाला नाही.

लेकीला हसू आलं ते त्या थरथरीचं. खरा हात झर्रकन फिरला, की फिल्मवर तो पुसट उमटतो. बाहुली मात्र प्रत्येक फ्रेमला निश्चल असते, त्यामुळे प्रत्येक चित्र लख्ख येतं आणि चाल तुटक दिसते. माणसाच्या बाहुलीला ही चाल मारून टाकते. पण ज्यांच्या अंगावर मांसच नाही, त्यांनी आणखी कसं चालायचं? माझ्या मते त्या हाडांना हीच चाल शोभते. याच सिनेमातला टॅलोस हा ब्राँझचा राक्षस तर त्यांनी मुद्दामच अवघडल्यासारखा चालवलाय. लेकीला आधी तो दाखवा. तो मान वळवून खाली बघतो, तिथे माझं हसू दरवेळी थांबतं.

आता ता. क. पडलेले सिनेमे पैशाला पासरी असतात, त्यांना कोण विचारतो? पुन्हा पुन्हा बघणारी वेडी माणसं मिळाली की कल्ट. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा चालत्या मुडद्यांचा भयपट तर चांगला चालला होता. मात्र प्रदर्शनाआधी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना घालायची राहिली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानं हक्कच गेले. मग ज्याला वाटेल त्यानं तो दाखवला, कॅसेटी काढल्या, आणि तो घरोघरी पोचला. कृष्णधवल असल्यानं रक्त म्हणून चॉकलेट सिरपही खपून गेलं.

हा मात्र लेकीला इतक्यात दाखवू नका.