लाइट ते लाइट नको, टाकी ते टाकी मोजा

तुमचा हिशोब असा आहे: रिझर्व्हचा लाइट लागल्यावर हजार रुपयांचं पेट्रोल टाकलं, पावतीवर साडेनऊ लिटर, पुन्हा लाइट लागेपर्यंत गाडी १४९ किमी चालली, म्हणजे अ‍ॅव्हरेज १५.७. डिस्प्ले १७.४ दाखवतोय, कंपनीचा आकडा २२ च्या वर. मग पंपावर मापात मारलं की गाडीतच खोट आहे, असं तुम्ही विचारलंय. सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी एवढं लक्षात घ्या, की या मोजणीवरून दोन्हीपैकी काहीच सिद्ध होत नाही.

लाइट लागतो तो टाकीतल्या फ्लोटवरून, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्यावरून. पेट्रोल हिंदकळतं, चढावर मागे सरकतं, गाडी एका बाजूला कलती उभी असली की फ्लोट वर-खाली होतो. लाइट लागताना दर वेळी टाकीत तेवढंच पेट्रोल असेल याची खात्री नाही, लिटरभराचा फरक सहज पडतो. खरा खप साडेआठ लिटर धरला तर तुमचं अ‍ॅव्हरेज १७.५ येतं, साडेदहा धरला तर १४.२. डिस्प्लेचे १७.४ यात बसतात.

कंपनीचा आकडा बाजूलाच ठेवा. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या चक्रात १,१८० सेकंद चालवतात. वेग ताशी ९० किमीच्या वर जात नाही, एसी बंद असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे. आपल्या ट्रॅफिकचा अंदाज त्यावरून बांधू नये.

आता रीत सांगतो. टाकी फुल करा, म्हणजे नोझल आपोआप पहिल्यांदा बंद होईपर्यंत भरा आणि तिथेच थांबा. ओडोमीटरचा पूर्ण आकडा लिहून घ्या. गाडी चालवा. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मधल्या किलोमीटरला या दुसऱ्या वेळच्या लिटरने भागा. पहिल्या वेळचे लिटर हिशोबात येत नाहीत, बरेच जण तिथेच चुकतात.

पहिल्या कटवर थांबणं हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. त्यातून हवा ओढली जात असते, पेट्रोलची पातळी किंवा फेस तिथपर्यंत आला की हवा अडते आणि चाप सुटतो. म्हणजे नोझल किती आत आहे, धार किती जोरात आहे, गाडी कोणत्या बाजूला कलली आहे, या सगळ्यावर कट अवलंबून. वर पंपावरचा मुलगा, कट २७.४३ लिटरला झाला की "राउंड फिगर करू का साहेब?" म्हणत आणखी तीन-चारदा चाप ओढतो. त्यात अर्धा-एक लिटर जातो आणि तुमची मोजणी तिथेच बिघडते. नोझल लावायच्या आधीच सांगा, "दादा, पहिल्या कटला थांबायचं, वर एक थेंब नको." गळ्यापर्यंत भरणं गाडीलाही वाईट, टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरतं.

पंपाबद्दलचा माझा अनुभव सांगतो. माझ्या नेहमीच्या पंपावर एका मशीनवर भरलं की अ‍ॅव्हरेज कमी यायचं. चार महिने मी मनात त्यांना चोर ठरवून बसलो होतो. शेवटी पाच लिटरचं माप मागितलं. ते प्रत्येक पंपावर असतं आणि ग्राहकाने मागितलं की दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं. त्या मशीनचं माप चोख निघालं. तिथली फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती होती, गाडी कलायची आणि कट उशिरा व्हायचा. आपण उगीच एखाद्यावर संशय घेतो, याचं मला वाईट वाटलं. तेव्हापासून तोच पंप, तेच मशीन, गाडीचं तोंड त्याच दिशेला.

एवढं करूनही एका टाकीत अर्धा लिटर चुकतोच. पण ही चूक साठत जात नाही. आज टाकी अर्धा लिटर कमी भरली, तर पुढच्या वेळी तेवढंच जास्त मावतं. दहा वेळा भरल्यावर सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर वेगवेगळे मिळवून भागाकार केला, की मधल्या चुका एकमेकींना खातात. उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या टाकीची. ३०० लिटरमागे एक लिटर चुकला तरी फरक एका टक्क्याच्या आत राहतो. मध्ये कधी पाचशेचं टाकलं तरी बिघडत नाही, फक्त लिटर लिहायला विसरू नका. माझ्या वहीतल्या शेवटच्या १४ टाक्या म्हणजे ७,२३१ किमी आणि ४१२ लिटर, अ‍ॅव्हरेज १७.५५. सुट्या टाक्यांचे आकडे मात्र १५.९ पासून १९.८ पर्यंत आहेत. त्यातली एकच बघितली असती तर मी कुठल्याही निष्कर्षावर पोचलो असतो.

आणि प्रत्येक टाकीच्या अ‍ॅव्हरेजची सरासरी काढू नका. १०० किमी १० च्या अ‍ॅव्हरेजने आणि १०० किमी २० च्या अ‍ॅव्हरेजने गेलात तर १५ लिटर लागले, म्हणजे १३.३. सरासरी १५ म्हणते, ते चूक आहे.

घाटाचं गणित वेगळं. मुंबईहून पुण्याला येताना गाडी साडेपाचशे मीटर वर चढते. ११०० किलोच्या गाडीला नुसत्या या चढाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागतं. जाताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. म्हणून "मुंबईला जाताना २२ दिलं" याला अर्थ नाही, जाऊन-येऊन मोजा.

ओडोमीटरही तपासा. एक्सप्रेसवेवरच्या किलोमीटरच्या पाट्या धरून ४० किमी मोजा. टायरचा साइज बदलला असेल तर हे कराच. १८५/६५ आर १५ काढून १९५/६५ आर १५ टाकले की चाक दोन टक्क्यांनी मोठं होतं, ओडोमीटर तेवढं कमी दाखवतो आणि गाडी उगाच बदनाम होते. टायर झिजले की उलटं.

पहाटे थंड पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं म्हणतात, त्यासाठी झोपमोड करू नका. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने अ‍ॅव्हरेज कमी होतं म्हणतात, ते मात्र खरं आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्यावर ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. जुन्या गाडीच्या २०२२ च्या नोंदी आजच्याशी ताडून बघणार असाल तर एवढं वजा धरा.

सीएनजी असेल तर टाकी ते टाकीवर अजूनच कमी भरवसा. पंपावर दाब कमी असला की सिलिंडर भरतच नाही, शिवाय गाडी सुरू होताना थोडं पेट्रोल जातं. तिथे तीन-चार महिन्यांचे किलो आणि किलोमीटर मिळवल्याशिवाय बोलू नये.

डिस्प्ले टाकून देऊ नका. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून तो हिशोब करतो आणि माझ्या गाडीत कायम सहा टक्के जास्त दाखवतो. त्याची चूक एकसारखी आहे, म्हणून एकदा वहीवरून गुणक काढला की रोजच्या कामाला तोच पुरतो.

उद्या टाकी फुल करून ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा. सहा टाक्या झाल्या की एकूण किलोमीटर, एकूण लिटर आणि त्यात शहर किती, हायवे किती एवढं सांगा. तेव्हाही १५ च्या खाली आलं तर टायरची हवा, ब्रेक घासतात का आणि एअर फिल्टर, या क्रमाने बघू.