आधी कॅलेंडर काढ

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. ‘सर, माझं मनच कमकुवत आहे. अल्काराझ दुसऱ्या फेरीत हरतो, तिथे मी कोण?’ यातलं पहिलं वाक्य आधी पुसून टाक, मग बोलू.

टेनिसचा एवढा मोठा खेळाडू अल्काराझ, आणि 2024 च्या यूएस ओपनमधल्या त्याच्या हरण्याचा तो स्कोअर तुला तोंडपाठ आहे. 6-1, 7-5, 6-4, आणि समोर जागतिक क्रमवारीत 74वा असलेला व्हॅन डी झँडशुल्प. स्कोअर ठेव बाजूला, कॅलेंडर काढ. 9 जूनला त्याने पॅरिसच्या मातीवर फ्रेंच ओपन जिंकली. 14 जुलैला गवतावर विम्बल्डन. तीन आठवड्यांनी पुन्हा पॅरिस, पुन्हा माती, ऑलिंपिकची फायनल. जोकोविचने दोन टायब्रेकमध्ये, म्हणजे सेट 6-6 झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, हरवलं. मग सिनसिनाटीचं हार्ड कोर्ट, म्हणजे टणक पृष्ठभाग. तिथे पहिल्याच सामन्यात माँफिसकडून हरला आणि रॅकेट आपटून मोडली. कधी रॅकेट न मोडणारा मुलगा! कॅलेंडर तेव्हाच बोलत होतं. 29 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या यूएस ओपनमध्ये जे झालं ते फक्त सगळ्यांना दिसलं. ऑलिंपिकनंतरची छोटी विश्रांती पुरेल असं वाटलं होतं, पुरली नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं.

थकवा ‘मी थकवा’ असं सांगत येत नाही गं. पाय दुखतही नाहीत. बिघडतो तो फोरहँड. तू अर्धं पाऊल उशिरा पोचतेस, चेंडू अंगाशी येतो, मनगटाने ओढून मारतेस आणि तो बेसलाइनच्या, कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, बाहेर. मातीवर घसरत चेंडू गाठता येतो; हार्ड कोर्टवर कचकन थांबावं लागतं, आणि ते थांबणं ताज्या पायांचं काम. मग घरची मंडळी म्हणतात, ‘मेंटल आहे, मेंटल.’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

जोकोविच 2021 मध्ये त्याच न्यूयॉर्कात फायनल हरला, तिन्ही सेट 6-4. चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, एका वर्षात जिंकायला एकच सामना उरला होता. जग म्हणालं, दडपण. मी म्हणतो, मधलं टोकियो ऑलिंपिक बघा, आदल्या सामन्यातले झ्वेरेवविरुद्धचे पाच सेट बघा. सेरेना विल्यम्सही 2015 मध्ये अशाच चार ग्रँड स्लॅमच्या वाटेवर तिथेच व्हिंचीकडून हरली, ती मात्र माझ्या हिशेबात बसत नाही. नाही बसत तर नाही.

आता तुझं कॅलेंडर. पावसाळाभर आपली कोर्टं शेवाळलेली, म्हणून चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून पाऊस सरला की सगळ्यांना एकदम खेळायचं असतं. बेळगाव, लगेच कोल्हापूर, परत येऊन शाळेची परीक्षा, पुन्हा चोर्ला घाटाची वळणं आणि बेळगाव. सिंगल्स खेळून त्याच संध्याकाळी डबल्स. रँकिंगचे पॉइंट हवेत, कबूल. पण पहिल्या फेरीत हरायला इतक्या लांब कशाला जायचं? तुझ्या मनाला काहीही झालेलं नाही. आधी कॅलेंडर काढ!

सलग दोन स्पर्धांनंतर एक आठवडा रॅकेटला हात नाही, हा माझा नियम. त्यापायी काही पालक मुलांना घेऊन दुसरीकडे गेले. ‘सरांना महत्त्वाकांक्षाच नाही,’ असं फोंड्यात अजून बोललं जातं. बोलू देत. माझ्या खांद्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. आमच्या वेळी ‘आज नको खेळूस’ म्हणणारं माणूसच नव्हतं. खेळ, खेळ, आणखी खेळ. सर्व्हिस करताना खांदा कटकन वाजायचा आणि लोक म्हणायचे, मुलगा जिद्दी आहे. अजून वरच्या फळीवरचा डबा मी डाव्या हाताने काढतो. म्हणून माझा हट्ट आहे आणि तो सुटणार नाही.

2025 मध्ये विम्बल्डनची फायनल हरल्यावर अल्काराझने टोरांटो सरळ सोडलं. मग सिनसिनाटी जिंकली, यूएस ओपनही. फायनलपर्यंत एक सेट गमावला नाही. त्या वर्षी ऑलिंपिक नव्हतं, हेही खरं. पण सोडायला धीर लागतो, आणि तो तुझ्यात खेळण्याच्या धीरापेक्षा कमी आहे.

सोमवारी कोर्टवर येऊ नकोस. आलीस तर गेटवरूनच परत पाठवीन. कोल्हापूरचं नाव मागे घ्यायचं मी तुझ्या बाबांना सांगतो. ते चिडतील, ते माझ्यावर चिडू देत.

तुझा,
सर